तेरा ओळी, सात रकाने : फ्रँकलिनच्या वहीचं प्रकरण

हस्तिदंताची पातळ पानं, त्यांवर न पुसली जाणारी तांबडी आखणी, आणि चौकटींत शिसपेन्सिलीचे काळे ठिपके. आवर्तन संपलं की ओला स्पंज फिरवायचा, पान पुन्हा कोरं. आधी ही वही साध्या कागदाची होती. पण नव्या चुकांना जागा करण्यासाठी जुन्या चुकांचे ठिपके खरवडून काढावे लागत, आणि खरवडून खरवडून कागदाला भोकं पडली. म्हणून हस्तिदंत.

वही बेंजामिन फ्रँकलिनची (१७०६–१७९०). वीज आणि अमेरिकेचं स्वातंत्र्य त्याच्या नावावर नंतर जमा झालं. इथे हवा आहे तो पंचविशीतला फिलाडेल्फियाचा छापखानेवाला, कर्जातून नुकती मान वर काढणारा आणि चर्चची पायरी सहसा न चढणारा. नीतीला धर्माचा आधार लागतो की नाही, या वादात माणसं पायावरच भांडत बसतात. फ्रँकलिनने पायाचा प्रश्न अर्धवट सोडला आणि थेट सरावाचं साधन बनवलं. ते कुठे अडलं तेही त्याने १७८४ साली, पॅरिसजवळच्या पासीमध्ये आत्मचरित्राचा दुसरा भाग लिहिताना, बऱ्यापैकी मोकळेपणाने सांगितलं. त्याने न सांगितलेलं इतर कागदांतून कळतं, आणि या प्रकरणात तेच जास्त महत्त्वाचं आहे.

वहीच्या आधी

बोस्टनच्या घरात धर्माचं वळण कडक होतं. पंधराव्या वर्षाच्या सुमारास डेइस्ट मताचं खंडन करणारी काही पुस्तकं त्याच्या हाती पडली. डेइस्ट म्हणजे ईश्वर आहे असं मानणारे, पण साक्षात्कार, चमत्कार आणि धर्मग्रंथांची सत्ता न मानणारे. खंडनासाठी दिलेली मतंच मुलाला पटली, खंडन लंगडं वाटलं. १७२५ साली लंडनच्या छापखान्यात खिळे जुळवत असताना त्याने स्वतःच एक पुस्तिका लिहून छापली. जे घडतं ते सर्वशक्तिमान ईश्वराच्या इच्छेने घडतं, तेव्हा सद्गुण आणि दुर्गुण हा भेदच पोकळ, असा तिचा रोख. प्रती १०० काढल्या, थोड्या मित्रांना वाटल्या, आणि एक ठेवून बाकीच्या पुढे जाळून टाकल्या.

जाळल्या त्या तर्कात चूक सापडली म्हणून नव्हे. परिणाम वाईट दिसले म्हणून. कॉलिन्स आणि राल्फ या दोन मित्रांना त्याने आपल्या मताचं केलं होतं, आणि दोघांनीही त्याचे उसने पैसे बुडवले. तो स्वतः तरी काय करत होता? भावाचा मित्र व्हर्नन याचे सुमारे ३५ पौंड त्याने वसूल करून ठेवले होते, ते परक्याचे पैसे त्याने मोडले. जिच्याशी आणाभाका झाल्या होत्या त्या डेबोरा रीडला लंडनहून एक पत्र पाठवलं आणि मग विसरला. पुस्तक छापून झाल्यावर शेवटी शुद्धिपत्र जोडतात, तसे तो आयुष्यातल्या अशा गोष्टींना छापखान्याच्या भाषेत मुद्रणदोष म्हणे. व्हर्ननचे पैसे हा त्यातला पहिल्या मोठ्यांपैकी एक. ते त्याने पुढे मुद्दल आणि व्याजासकट फेडले. १७३० साली डेबोराशी संसारही मांडला.

यातून तो ज्या जागी आला, ती या प्रकरणाची खुंटी. ग्रंथात मना केलं म्हणून एखादं कृत्य वाईट ठरत नाही आणि ग्रंथाने सांगितलं म्हणून चांगलं ठरत नाही. पण ती कृत्यं मुळातच आपल्याला घातक असतात म्हणून मना केली गेली असावीत, आणि हितकर असतात म्हणून सांगितली गेली असावीत. म्हणजे देव नाकारला नाही, पण आज्ञेवर भारही टाकला नाही. १७२८ साली त्याने स्वतःपुरती एक छोटी प्रार्थनापोथीच लिहून काढली होती.

चर्चला त्याने एक संधी दिली. गावातल्या प्रेस्बिटेरियन पंथाच्या धर्मोपदेशकाच्या आग्रहाने तो सलग पाच रविवार गेला. रविवार हा त्याचा अभ्यासाचा दिवस, तेव्हा ही सवलत लहान नव्हती. एके दिवशी प्रवचनाला बायबलमधलं असं वचन निघालं की जे जे सत्य, न्याय्य, शुद्ध आणि स्तुत्य असेल त्याचं चिंतन करा. आता तरी नीतीवर काही ऐकायला मिळेल, असं त्याला वाटलं. उपदेशकाने मुद्दे काढले पाच : शब्बाथ (विश्रांतीचा पवित्र दिवस) पाळा, ग्रंथ वाचा, उपासनेला या, प्रभुभोजन घ्या, धर्मोपदेशकांना मान द्या. फ्रँकलिनने त्या प्रवचनांना जाणं सोडलं. वार्षिक वर्गणी मात्र तो देत राहिला.

साधन कसं बनवलं

पहिला प्रयत्न सरधोपट होता. योग्य काय ते आपल्याला कळतं, तेव्हा नेहमी तेच करायचं. हे टिकलं नाही, आणि का टिकलं नाही हे त्याने नेमकं ओळखलं : एका चुकीवर लक्ष ठेवावं तोवर दुसरी मागून घुसते, बेसावधपणाचा फायदा सवय उचलते, आणि ओढ कधी कधी विचारापेक्षा जोरदार ठरते. नुसतं पटणं पुरत नाही. जुनी सवय मोडून तिच्या जागी नवी बसवावी लागते, आणि त्यासाठी पद्धत लागते.

मग त्याने याद्या वाचल्या. निरनिराळे लेखक एकाच नावाखाली कमीजास्त भरतात हे त्याच्या ध्यानात आलं. ‘संयम’ म्हटलं की कुणी फक्त खाणंपिणं धरतो, तर कुणी सगळ्या वासना. तेव्हा त्याने मोठी नावं फोडून लहान केली. नावं जास्त आणि प्रत्येकात ऐवज थोडा. हा निर्णय वरकरणी किरकोळ दिसतो, पण पुढचं सगळं त्यावर चालतं, कारण मोठ्या नावाखाली काहीही खपवता येतं.

नावं निघाली बारा, प्रत्येकाखाली एक-दोन ओळींचा नियम. मिताहार : सुस्ती येईल इतकं खाऊ नये, चढेल इतकं पिऊ नये. मितभाषण : आपल्या किंवा दुसऱ्याच्या उपयोगाचं असेल तेवढंच बोलावं. टापटीप : प्रत्येक वस्तूला जागा, प्रत्येक कामाला वेळ. मग निश्चय, काटकसर, उद्योग, निष्कपटपणा, न्याय, मध्यममार्ग, स्वच्छता, शांतपणा आणि कामसंयम. न्यायाचा नियम मुद्दाम पुरता देतो, पुढे लागणार आहे : कुणाला इजा करून अन्याय करू नये, आणि जे भलं करणं आपलं कर्तव्य आहे ते न करूनही अन्याय करू नये.

हा क्रम सहज लागलेला नाही. मिताहार आधी, कारण डोकं थंड राहिलं तरच पहारा देता येतो. मग मितभाषण, कारण ज्ञान तोंडापेक्षा कानाने जास्त मिळतं, आणि बडबड व कोट्या करण्याची खोड त्याला मोडायची होती. टापटिपीने वेळ मोकळा होणार, निश्चयाने पुढचं पेलणार, काटकसर आणि उद्योग यांनी कर्ज फिटणार. कर्ज फिटलं की खरं बोलणं आणि न्यायाने वागणं सोपं जाईल, असा हिशेब. तगादा लागलेला माणूस खोटं का बोलतो हे धंद्यात राहिलेल्याला निराळं सांगावं लागत नाही.

तेरावा गुण त्याला सुचला नाही. क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या एका मित्राने तोंडावर सांगितलं की लोक तुला गर्विष्ठ समजतात. वादात आपलं बरोबर ठरून तुझं समाधान होत नाही, समोरच्याला चिरडल्याशिवाय तू थांबत नाहीस. मित्राने दाखले दिले. मग यादीत नम्रता आली, आणि तिचा नियम लिहिला : येशू आणि सॉक्रेटिस यांचं अनुकरण. एक धर्माचा, एक धर्माबाहेरचा, एकाच ओळीत.

आता वही. प्रत्येक गुणाला एक पान. पानावर तांबड्या शाईने सात उभे रकाने, वारांचे, आणि तेरा आडव्या ओळी, गुणांच्या. रात्री दिवसाची उजळणी करायची. ज्या गुणात चूक झाली त्याच्या ओळीत त्या वाराखाली काळा ठिपका. पण लक्ष सगळ्यांवर ठेवायचं नाही. ज्या आठवड्याचं पान मिताहाराचं, त्या आठवड्यात ती एकच ओळ कोरी ठेवण्यासाठी झटायचं. बाकीच्या बारा ओळींत जे पडेल ते पडू द्यायचं, नोंद मात्र करायची. पुढच्या आठवड्यात मितभाषण, आणि आता दोन ओळी कोऱ्या ठेवायच्या. बागेतलं तण काढणारा सगळ्या वाफ्यांवर एकदम तुटून पडत नाही, एक वाफा संपवून दुसऱ्याकडे वळतो, तसं. १३ आठवड्यांत एक आवर्तन, वर्षात चार.

वहीत दिनक्रमही होता. पहाटे ५ ला उठून प्रार्थना, दिवसाची आखणी आणि प्रश्न : आज कोणतं भलं करू? ८ ते १२ काम, मग दोन तास वाचन, हिशेब आणि जेवण, पुन्हा ६ पर्यंत काम. त्यानंतर वस्तू जागच्या जागी लावणं, रात्रीचं जेवण, संगीत किंवा गप्पा, उजळणी आणि दुसरा प्रश्न : आज कोणतं भलं केलं? १० ला झोप. कुठल्याही पंथाची खूण त्याने वहीत मुद्दाम ठेवली नाही, कारण ती सर्व धर्मांच्या माणसांना वापरता यावी अशी त्याची इच्छा होती.

कुठे अडलं

पहिला धक्का संख्येचा. आपण स्वतःला समजत होतो त्यापेक्षा आपल्यात कितीतरी जास्त दोष आहेत, हे ठिपक्यांनी दाखवलं. ते कमी होत गेले याचं समाधानही मिळालं. इथपर्यंत साधन चोख.

टापटिपीची ओळ कधीच कोरी राहिली नाही. ठरलेल्या वेळी ठरलेलं काम हे पगारी कारागिराला जमतं. मालकाला गिऱ्हाईक त्याच्या सोयीने भेटायला येतं. शिवाय स्मरणशक्ती दांडगी असल्यामुळे पसाऱ्याची झळ त्याला तरुणपणी कधी लागली नव्हती. ज्या चुकीची किंमत मोजावी लागत नाही ती सुधारायला मन तयार होत नाही, हे त्याच्याच उदाहरणावरून दिसतं. हार मानताना त्याने एक किस्सा दिला आहे. एकाने लोहाराकडून कुऱ्हाड घेतली आणि धारेसारखं सगळं पातं लखलखीत करून मागितलं. लोहार म्हणाला, चाक तू फिरव. फिरवून फिरवून गिऱ्हाईक थकलं आणि म्हणालं, राहू दे, मला ठिपक्यांची कुऱ्हाडच आवडते. फ्रँकलिनच्याही मनात बुद्धीच्या वेषात एक आवाज बोलू लागला : इतका काटेकोरपणा म्हणजे नीतीतला नखरा, आणि मित्रांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून भल्या माणसाने थोडे दोष ठेवावेत. हा आवाज ओळखण्याजोगा आहे. तो टापटिपीपुरता बोलला तोवर नुकसान काही नाही.

नम्रतेबद्दल तो हातचं राखून बोलत नाही. खरी नम्रता फारशी आली नाही, दिसण्यापुरती बरीच आली. पण ते दिसणंही त्याने सरावाने कमावलं. ‘नक्कीच’, ‘निःसंशय’ असे शब्द बंद. त्यांच्या जागी ‘मला असं वाटतं’, ‘सध्या तरी असं दिसतं’. कुणी चुकीचं बोललं तर लगेच खोडून काढायचं नाही, काही परिस्थितीत हे बरोबर असेल, अशी सुरुवात करायची. सभेत त्याचं म्हणणं पटू लागलं. गर्व मात्र गेला नाही. तो पूर्ण गेला असं वाटलं तर मी बहुधा माझ्या नम्रतेचा गर्व करीन, असं तो लिहितो.

वारंवारताही घसरली. काही काळाने वर्षाला एकच आवर्तन, मग काही वर्षांत एक, आणि परदेशातल्या कामांच्या धबडग्यात तेही बंद. वही मात्र नेहमी बरोबर असे.

वहीच्या रचनेत दोन दोष आहेत, ते त्याने नोंदवलेले नाहीत. एक, कोरी चौकट काय सांगते? चूक झाली नाही, की त्या रात्री उजळणीच झाली नाही? फ्रँकलिनच्या आखणीत दोन्ही सारखीच दिसतात. दोन, सकाळ-संध्याकाळचे प्रश्न भलं करण्याबद्दल आहेत, आणि रकाने मात्र फक्त चुकांचे. न्यायाच्या नियमाचा पहिला अर्धा भाग मोडला तर समोरचा माणूस बोंबलतो. दुसरा अर्धा, म्हणजे करायला हवं होतं ते न करणं, मोडला तर कुणीच काही म्हणत नाही, आणि ठिपका पडत नाही.

जे खातं उघडलंच नाही

१७२९ साली फ्रँकलिनने ‘पेनसिल्व्हेनिया गॅझेट’ हे पत्र घेतलं. त्यात गुलामांच्या विक्रीच्या आणि पळालेल्या गुलामांच्या जाहिराती छापल्या जात, आणि चौकशी छापखान्यात करावी असंही काहींत असे. त्याच वर्षी त्याच्या छापखान्यातून राल्फ सँडिफोर्डचं गुलामगिरीविरुद्धचं पुस्तक निघालं. १७३७ साली त्याने बेंजामिन ले या क्वेकराचा त्याहून जळजळीत ग्रंथ छापला, मुद्रक म्हणून आपलं नाव न घालता. १७८९ साली, म्हातारपणी, ही दोन्ही पुस्तकं आपण छापली होती याची आठवण त्याने एका पत्रात स्वतःच दिली आहे. म्हणजे युक्तिवाद त्याच्या हाताखालून, अक्षर अक्षर जुळवून गेला होता. वहीचा काळही तोच. न्यायाच्या ओळीत त्याचा ठिपका पडला नाही, कारण गुलाम बाळगणं ही चूक म्हणून तिथे मोजलीच जात नव्हती.

घरात गुलाम होते. १७५७ साली तो मुलगा विल्यमसह लंडनला गेला, तेव्हा त्याच्याबरोबर पीटर नावाचा गुलाम होता आणि विल्यमबरोबर किंग नावाचा. किंग पळून गेला. १७६० सालच्या पत्रात फ्रँकलिन डेबोराला कळवतो की तो इंग्लंडमधल्या सफक परगण्यात एका बाईच्या नोकरीत सापडला. ती त्याला ख्रिस्ती केल्याचं पुण्य गाठीला बांधू पाहत होती, आणि तिने त्याला लिहावाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवलं होतं. पत्राचा सूर घरगुती बातमीचा आहे.

बदल आला तो बाहेरून. १७६३ साली फिलाडेल्फियात काळ्या मुलांची शाळा त्याने जाऊन पाहिली, आणि त्या मुलांच्या उपजत बुद्धीबद्दल आपलं मत पूर्वीपेक्षा उंचावलं असं डिसेंबरमध्ये लिहिलं. त्यासाठी वही नाही, एक खोली आणि वाचणारी मुलं लागली. १७८७ साली तो पेनसिल्व्हेनियातल्या गुलामगिरी निर्मूलन संस्थेचा अध्यक्ष झाला. फेब्रुवारी १७९० मध्ये त्याच्या सहीचा गुलामगिरीविरुद्धचा अर्ज अमेरिकेच्या काँग्रेसपुढे, म्हणजे संसदेपुढे, गेला. १७ एप्रिलला तो वारला.

मग धर्माच्या माणसांचं काय? घाईने त्यांच्या पारड्यात टाकण्यासारखंही नाही. बेंजामिन ले याला क्वेकरांनीच १७३८ साली आपल्यातून काढलं. पण क्वेकरांच्या ठरावीक सभा होत्या आणि तिथे एकमेकांचं वागणं विचारलं जाई, त्यामुळे विषय पुन्हा पुन्हा पुढे येत राहिला. १७५८ साली फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्यांना कारभारातून दूर ठेवायचं ठरवलं, आणि १७७६ साली गुलाम बाळगण्यालाच बंदी केली. एकट्याच्या वहीला ही सोय नाही. तिथे आरोपी, फिर्यादी आणि कारकून एकच. त्या सभेतली जी गोष्ट उपयोगी पडली ती श्रद्धा होती की दुसऱ्याने विचारण्याचा रिवाज? मला दुसरी वाटते. फ्रँकलिनच्या वहीत जी एकमेव ओळ बाहेरच्याने घातली ती नम्रतेची, आणि घालणारा क्वेकरच होता.

वापरायची तर

श्रद्धावान वापरो की नास्तिक, आखणी बदलत नाही. फ्रँकलिनच्या वहीत प्रार्थना होती. ती काढून सकाळचा प्रश्न नुसता ठेवला तरी संध्याकाळचा हिशेब तसाच चालतो. बदल करायचे ते वर सांगितलेल्या दोषांमुळे.

गुणाचं नाव लिहू नये, मोडलेला दिसेल असा नियम लिहावा. ‘सचोटी’ लिहिलं तर महिनाभर पान कोरं राहील. ‘उशीर झाल्यावर ट्रॅफिकचं खोटं कारण सांगितलं’ असं लिहिलं तर दुसऱ्याच दिवशी ठिपका पडेल. तेरा ओळी नवख्याला जास्त होतात, चार-पाचांवर सुरुवात करावी आणि आठवड्याला एकीवरच जोर द्यावा. उजळणी झाली की चूक नसली तरी बारीक टिंब करावं, म्हणजे कोरी चौकट नोंद राहून गेल्याची ठरते. एखाद्या ओळीत आठवड्यात चारपेक्षा जास्त ठिपके पडत असतील, तर दोष बहुधा निश्चयाचा नसून नियमाचा असतो. तो फोडून लहान करावा, किंवा फ्रँकलिनच्या टापटिपीसारखा आपल्या कामाच्या स्वरूपात बसतो का ते पाहावं. चुकांच्या ओळींखाली ‘राहून गेलेलं’ अशी एक ओळ असावी, आणि तिच्यात ठिपक्याऐवजी माणसाचं नाव लिहावं. ठिपके मोजले जातात, नाव पुसताना हात अडखळतो.

शेवटची ओळ रिकामी ठेवून वर्षातून एकदा दुसऱ्याकडून भरून घ्यावी. बायको, धाकटा भाऊ, हाताखालचा माणूस, म्हणजे ज्याला आपल्या वागण्याची झळ लागते तो. ‘मी कसा आहे’ असं विचारलं तर तो हसून वेळ मारून नेतो. ‘माझ्यामुळे तुला गेल्या महिन्यात काय सोसावं लागलं’ असं विचारावं. उत्तर मिळालं की समजावत बसू नये, लिहून घ्यावं. हे जमणं कठीण आहे. फ्रँकलिनलाही ते एकदाच जमल्याचं दिसतं.

मध्यममार्गाच्या ओळीखाली त्याने लिहिलं होतं की झालेल्या अपकाराचा राग, तो जितका रास्त वाटेल, तितका धरू नये. विल्यम स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिश राजाच्या बाजूने राहिला. ऑगस्ट १७८४ मध्ये, ज्या वर्षी पासीमध्ये ही तेरा गुणांची हकीकत लिहिली गेली त्याच वर्षी, फ्रँकलिनने त्याला लिहिलं की म्हातारपणी एकुलत्या मुलाने सोडून जाण्याइतकं दुसऱ्या कशानेच मला दुखावलेलं नाही. १७८८ सालच्या मृत्युपत्रात विल्यमला जवळजवळ काहीच ठेवलं नाही, आणि कारण म्हणून युद्धातलं त्याचं वागणं लिहिलं.

त्याच मृत्युपत्रात जावई रिचर्ड बेच याचं कर्ज माफ केलं आहे. त्या बदल्यात एक विनंती केली आहे : माझ्या मृत्यूनंतर ताबडतोब तू तुझा गुलाम बॉब याला मुक्त कर.